मदत मागायला गेले तर मुलंच काढून घेतील का?

"मॅडम मी एकटी आहे, नवरा सोडून गेलाय, रात्रपाळीला जावं लागतं, मुलं घरी एकटी असतात. कोणी तक्रार केली तर मुलं नेतात का? आणि मीच कुठे मदत मागायला गेले तर उलट माझ्यावरच शेकेल का?"

अडचणीतल्या कुटुंबांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेत मी आहे, आणि हा प्रश्न मला सारखा येतो, शब्द बदलतात, बाकी तोच. कधी आई विचारते, कधी एखादी आजी, जिच्या गळ्यात नातवंडं टाकून लेक-जावई गायब झालेत, कधी बायको गेल्यावर दोन पोरं घेऊन बसलेला बाप. सगळ्यांना भीती एकच, की सरकारी माणसाला घरातलं खरं सांगितलं की मूल गेलं. मग लोक शेवटपर्यंत झाकत राहतात आणि एक दिवस असं काही घडतं की झाकायला काही उरतच नाही.

सरळ उत्तर आधी देते. गरिबी आहे, बाई एकटी आहे, खोली एकच आहे, एवढ्यावरून मूल घेऊन जात नाहीत. २०१५ चा बाल न्याय कायदा सुरुवातीलाच सांगतो की मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणं हा सगळ्यात शेवटचा उपाय. संयुक्त राष्ट्रांची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वं तर स्पष्टच म्हणतात की फक्त गरिबीमुळे मूल आईबापांपासून तोडू नका, गरिबी दिसली तर त्या घराला मदत करा. पण मूल खरंच धोक्यात असेल तर प्रश्न उठतो आणि तो उठलाच पाहिजे. या दोन्हीच्या मधे जी मोठी जागा आहे ना, तिथे आमचं काम चालतं. एका केसवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आईला आपण नुसतं ताई म्हणू.

ताई एका हॉस्पिटलात ठेकेदाराकडून साफसफाईला होत्या, रात्री नऊ ते सकाळी सात. पोरगी दहा वर्षांची, पाचवीत, धाकटा चारचा. नवरा कामाच्या शोधात म्हणून गेला तो फोनच उचलेना, सासरच्यांनी हात वर केलेले. ताई मुलांना जेवायला घालून बाहेरून कुलूप लावून जायच्या. आता हे ऐकल्यावर लोक लगेच "कसली आई ही" म्हणतात, पण त्यांचा हिशोब ऐका, पोरगी वयात येतेय, वस्तीत रात्री पिऊन कोण कोण फिरतं, आतून कडी लावली तर कोणीही ओळखीचा आवाज काढला की पोरं झोपेत उघडतील. त्यांच्या लेखी ते कुलूप म्हणजेच काळजी. चुकीची होती, जीवावर बेतेल अशी होती, पण निष्काळजीपणा नव्हता तो, आणि हा फरक अहवालात लिहिला गेला नाही तर पुढचं सगळंच चुकतं.

एका रात्री धाकट्याला ताप चढला आणि झटका आला. पोरगी खिडकीतून ओरडायला लागली, शेजारच्यांनी कुलूप तोडलं, पोराला दवाखान्यात नेलं, आणि कोणीतरी १०९८ ला फोन लावला. ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन. पोरगा वाचला. ताई सकाळी ड्युटी संपवून आल्या तेव्हा दारात माणसं जमलेली.

कायद्याने अशा मुलाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. अधिकार मॅजिस्ट्रेटचे, पण तिथे वकिलांची झुंबड नसते, आरोपीचा पिंजरा-बिंजरा नसतो, टेबलाभोवती बसून बोलतात. ताई तिथे आधी रडल्या, मग भडकल्या आणि म्हणाल्या, "ठेवा मग तुमच्याकडेच, मला तरी कुठे जमतंय!"

हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय. रात्रभर जागलेली, घाबरलेली, चार लोकांत अपमान झालेली बाई असं बोलते, त्याचा अर्थ तिला मूल नकोय असा नसतो. कायद्यालाही हे कळतं बरं का. मूल खरंच कायमचं सोपवायचं असेल तर त्याची वेगळी प्रक्रिया आहे, आधी समुपदेशन करावं लागतं, आणि कागद झाल्यावरही फेरविचाराला दोन महिने देतात. रागात बोललेल्या एका वाक्यावर कोणी मूल घेत नाही. समितीने मुलं तात्पुरती सख्ख्या मावशीकडे दिली, तिच्याकडून हमीपत्र घेतलं, आणि १५ दिवसांत घराचा सामाजिक चौकशी अहवाल, म्हणजे घरी जाऊन परिस्थिती बघून लिहिलेला अहवाल, मागितला. तिथून आमच्या संस्थेकडे केस आली.

पहिल्या भेटीला गेले तर घर लख्ख. चादर नवी, भांडी घासून उभी, शेजारणीकडून आणलेला टेबलफॅन. सुट्टी होती म्हणून मावशीने मुलांनाही आणलेलं. पोरीला विचारलं रात्री कोण असतं गं, तर ती आईकडे बघून म्हणाली, "आई असते." कुलूप फोडून आठवडा झाला नव्हता! ताईंनी पढवलं होतं तिला. मी रागावले नाही, रागावण्यासारखं काही नव्हतंच त्यात, भीतीपोटी माणूस हेच करतं. पण ताईंना बाजूला घेऊन सांगितलं की हे बघा, मी काय लिहिणार ते तुम्हाला आधी वाचून दाखवणार, आणि घर किती स्वच्छ आहे ते बघायला मी आलेली नाहीये, मला रात्रीचं काय करायचं ते ठरवायचंय. तुम्ही रात्री घरी असता असं मी लिहिलं तर मदत कशासाठी मागायची मी?

मग एक कागद घेतला आणि म्हटलं कालचा अख्खा दिवस सांगा, उठल्यापासून, तासातासाचा. हे मी प्रत्येक घरात करते, आणि माझं पक्कं मत आहे की या कामातलं निम्मं उत्तर इथेच मिळतं. आपण म्हणतो "धोक्यातलं कुटुंब", पण कुटुंब चोवीस तास धोक्यात नसतं हो, धोक्याची ठरावीक वेळ असते. एखाद्या घरात ती पगाराची संध्याकाळ असते, एखाद्या घरात शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंतचे तीन तास. ताईंच्या घरी ती रात्री साडेआठ ते सकाळी साडेसात होती. बाकीच्या वेळात बघितलं तर काय, धाकट्याचं लसीकरणाचं कार्ड पूर्ण, पोरीच्या वह्यांना कव्हर, दोघांच्या डोक्याला तेल, आजारी पडला की सरकारी दवाखान्यात नेल्याचे केसपेपर पिशवीत जपून ठेवलेले. म्हणजे आईपणाची शाळा घ्यायची गरजच नव्हती इथे, गरज होती अकरा तासांची सोय करायची.

तसं एक गोष्ट ताईंनी नंतर नंतर सांगितली. सकाळी आल्यावर तीन-चार तास जेमतेम झोप, त्यात धाकटा उठवतो, मग हात उठायचा, आणि उठायचा तो मोठीवरच, "तुला सांगितलं होतं ना त्याला बघ म्हणून". हेही अहवालात गेलं. त्या म्हणाल्या आता नक्कीच नेतील. नाही नेलं. उलट झोपेचा आणि मारण्याचा संबंध लिहिल्यामुळे दिवसपाळीची मागणी भक्कम झाली. मन फार खाली गेलं की बोलायला १४४१६ हा टेलिमानसचा मोफत नंबर दिला, दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलतात. दोन-तीनदा त्यांनी रात्री ड्युटीवरूनच लावला म्हणे.

आता सोय कशी झाली ते. ठेकेदाराला दिवसपाळी मागितली, तो म्हणाला रात्रीला बायका मिळत नाहीत, जमणार नाही. शेवटी दुसऱ्या ठिकाणी दिवसाचं काम मिळालं पण पगार कमी. तोपर्यंतचे आठवडे कसे काढायचे हा खरा प्रश्न. मावशीचं घर लांब, पोरीची शाळा बुडत होती, धाकट्याचं अंगणवाडीत नाव होतं पण अंगणवाडी सकाळची काही तास, रात्रीचं पाळणाघर त्या भागात नव्हतंच. मग मार्ग निघाला शेजारच्या आजींचा. ह्याच आजींच्या मुलाने त्या रात्री कुलूप तोडलं होतं. त्या म्हणाल्या मी झोपायला येते, मला काय, इथे झोपले काय नि तिथे झोपले काय.

पण ताई तयार नव्हत्या! कारण डोक्यात एकच, १०९८ ला फोन कोणी केला, ह्यांनीच केला असणार. चाळीतल्या सगळ्यांशी बोलणं टाकलेलं. फोन करणाऱ्याचं नाव सांगत नाहीत, मलाही माहीत नव्हतं आणि मी शोधलंही नाही. मी एवढंच विचारलं की त्या रात्री कोणी फोन केला नसता तर आज तुम्ही काय करत असता? त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, तसंच कुलूप लावून जात असते. आजींचं येणं त्यानंतर दोन दिवसांनी सुरू झालं, गोडीने नाही सुरू झालं, पण झालं. आणि आजींची सही असलेलं पत्र समितीच्या फाइलला लागलं, रात्री कोण असणार, फोन नंबर काय, तब्येत बिघडली तर कोणत्या दवाखान्यात न्यायचं, सगळं. मावशीचा नंबर खाली. असलं साधं पत्र समितीला फार उपयोगी पडतं, आम्ही कितीही मोठे शब्द वापरून अहवाल लिहिले तरी समोरचा विचारणार शेवटी हेच की आज रात्री पोरांजवळ कोण आहे.

पोरीचं मात्र वेगळंच निघालं, त्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. सगळ्यांना वाटलं हिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, आता ही खूश होईल, शाळेत जाईल. तर ती चिडचिडी झाली. आजींनी धाकट्याला भरवलं की ती ताट ओढून घ्यायची, तो असं खात नाही म्हणायची. अंगणवाडीच्या दारात उभी राहायची, शाळेला उशीर. दोन वर्षं ती त्या घरातली दुसरी आई होती, तिचं घरातलं मोलच त्यावर ठरलेलं, आणि मोठ्यांनी येऊन एका झटक्यात ते काम काढून घेतलं. मला म्हणाली, "मग आता मी काय करू?"

यात घाई करून चालत नाही. आम्ही तिच्याकडे धाकट्याचं एक काम ठेवलं, रात्री गोष्ट सांगायचं, बाकी आजी आणि आई. वर्गशिक्षिकेला भेटलो, जास्त काही न सांगता एवढंच म्हटलं की घरी अडचण होती, उशीर झाला तर वर्गासमोर उभं करू नका. त्या बाई समजूतदार निघाल्या. आणि त्या रात्रीबद्दल ती बोलली ते पुष्कळ नंतर, चित्र काढताना, म्हणजे बोलली असं पण नाही, चित्रात कुलूप काढलं आणि ते दाराच्या आतल्या बाजूला काढलं. त्यावर मी काही विचारलं नाही तेव्हा. पुढच्या वेळी तिनेच विचारलं की तो झटका माझ्यामुळे आला का, मी पंखा लावला नव्हता म्हणून. तेव्हा तिला अंगणवाडी सेविकेसमोर समजावलं की तापाने लहान मुलांना असं होतं, आणि तू ओरडलीस म्हणून तो वेळेत दवाखान्यात पोचला.

आता पैशाचं, कारण पगार कमी झाल्यावर भाडं कुठून देणार. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, एक पालक असलेल्या, किंवा आईवडील गंभीर आजारी आहेत, तुरुंगात आहेत, अशा अडचणीतल्या घरातल्या मुलांसाठी, मुलामागे महिन्याला २,२५० रुपये, १८ वर्षांपर्यंत. दुसरी केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षणाच्या कार्यक्रमातली प्रायोजकत्व योजना, लोक स्पॉन्सरशिप म्हणतात, त्यात मुलामागे महिन्याला ४,००० रुपये, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,०००. विधवा, घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेल्या आईची मुलं त्यात बसतात. दोन्ही एकदम मिळतील असं धरू नका. आणि गंमत बघा, बालसंगोपनाचा अर्ज मंजूर होताना ऑर्डर कोण काढतं, तर बाल कल्याण समिती. ज्या समितीचं नाव काढलं की बायांना घाम फुटतो तीच समिती घरी मूल राहावं म्हणून पैशाची ऑर्डर काढते, हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं.

ताईंची अडचण कागदांची. नवरा मेला नाही, घटस्फोट नाही, नुसता गेलाय. विधवेकडे मृत्यूचा दाखला तरी असतो, हिच्याकडे काय? इथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण उपयोगी पडलं. महिलांना आणि मुलांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न किती ते बघत नाहीत, १९८७ च्या कायद्यानेच आहे ते. त्या वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्र करून दिलं, पोलिसात नवरा बेपत्ता असल्याचा अर्ज द्यायला लावला, पोटगीचा दावाही टाकायला सांगितला. मग तहसीलचा उत्पन्न दाखला, आधार, शाळेचा बोनाफाइड, बँकखातं. प्रत्येक खिडकीवर एक सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे पगारकपात. मदत मिळवायला जी मदत लागते ती कोणी मोजतच नाही, आमच्या कार्यकर्तीने त्यांच्यासोबत रांगेत उभं राहणं हे माझ्या दृष्टीने समुपदेशनाइतकंच मोठं काम होतं, कदाचित जास्तच. पैसे सुरू व्हायला महिने लागले, तोवर संस्थेने किराण्याला हातभार लावला.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरात १९७४ मधे होमबिल्डर्स नावाचा कार्यक्रम सुरू झाला, मूल फॉस्टर केअरमधे, म्हणजे काही काळासाठी दुसऱ्या कुटुंबात, जायच्या बेतात असलेल्या घरांसाठी. त्यात एका कार्यकर्त्याकडे एका वेळी जेमतेम दोन घरं, चार ते सहा आठवडे, आणि दिवसरात्र कधीही बोलवा. त्यातही नुसतं बोलणं नाही, भाडं, किराणा, घर आवरणं, जे अडलंय ते. आमच्याकडे एका कार्यकर्तीकडे किती घरं असतात ते विचारू नका. पण तत्त्व तेच, मूल उचलायच्या आधी घराला टेकू द्या, आणि तो लवकर द्या, घट्ट द्या.

समितीने अंतिम निर्णय द्यायला कायद्याने चार महिने असतात. ताईंच्या केसमधे त्याआधीच मुलं घरी परत दिली, देखरेखीखाली, म्हणजे आम्ही ठरावीक दिवसांनी भेट द्यायची आणि अहवाल पाठवायचा. पोरीला आत वेगळं बोलावून विचारलं होतं कुठे राहायचंय. काय म्हणाली ते मला माहीत नाही, तिनेही सांगितलं नाही.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर खोटा दिलासा दिल्यासारखं होईल. घरातला माणूसच लैंगिक त्रास देतोय, मारहाणीने हाडं मोडलीत, आणि घरातला दुसरा मोठा माणूस मुलाची बाजू घ्यायला तयार नाही, अशा घरांत मूल बाहेर काढा असं मी स्वतः लिहून दिलंय आणि पुन्हा देईन. तिथे कुटुंब वाचवण्याच्या नावाखाली मूल भरडायचं नसतं. काही वेळा नातेवाईक नसतात, मग फॉस्टर केअर, म्हणजे समितीने निवडलेल्या दुसऱ्या कुटुंबात काही काळ ठेवणं, किंवा बालगृह. तेव्हासुद्धा परत घरी जाण्याची दारं शक्य तितकी उघडी ठेवतात.

आणि उलटा प्रकार तर आमच्याकडे फार. जून आला की आया स्वतःच येतात, "संस्थेत घाला ना मॅडम, जेवण तरी मिळेल, शिकेल तरी". मूल उपाशी राहील या भीतीने आई स्वतःच्या हाताने त्याला दूर करते, त्यात कोणाचा दोष काढायचा? पण सहा वर्षांच्या मुलाला ते शिक्षणासाठी पाठवलंय असं कळत नाही, त्याला एवढंच कळतं की मला सोडलं. अशा वेळी आधी बालसंगोपनाचा अर्ज भरू, शाळेजवळ कोणी नातेवाईक आहे का बघू, खरंच काही नाही जमलं तर बघू, असं मी सांगते. किती जणी थांबतात? बऱ्याच थांबतात, पैसे वेळेत आले तर.

ताईंचं सध्या बरं चाललंय असं म्हणता येईल, फार चांगलं नाही. आजी अजून येतात पण गुडघे दुखतात म्हणून रोज नाही. पोटगीच्या तारखा पडताहेत. पोरगी सहावीत गेली, गणितात मागे आहे.

ज्यांनी वरचा प्रश्न विचारला त्यांच्यासाठी शेवटचं. काही घडायची वाट बघू नका, १०९८ ला आईबापसुद्धा फोन करू शकतात, "मला मदत हवीय" एवढं म्हणायला. किंवा जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जा, तिथे जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, बाल संरक्षण अधिकाऱ्यांना भेटायचंय म्हणा. काय अडचण आहे ते वेळेसकट सांगा, अमुक ते अमुक वेळ मुलांजवळ कोणी नसतं, असं. खोटं काही सांगू नका, नंतर ते निस्तरणं जड जातं. मुलांचं आधार, शाळेचा दाखला, लसीकरण कार्ड, जे असेल ते न्या, नसेल तरी जा. कोणते कागद लागतील ते लिहून मागा. आणि अर्ज दिलात की पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.